भडंग

शीतलचा फोन आला रविवारी, जेवण अंगावर आलेलं असताना.
"भावा, आपला पिक्चर परत लागलाय. येतोस का न्हाई?"
आपला म्हणजे तो,
ज्यात रोड-रोलर उठून उभा राहतो
आणि हिंदीत बोलतो, घसा बसल्यासारखा.

आठवीत होतो तेव्हा.
आधी खेळणं आलं, मग सिनेमा.
खेळणंही खरं नव्हेच; खरसुंडीच्या जत्रेतलं, साठ रुपयांचं,
उजवा हात आत दुमडायचाच नाही.
त्यामुळे आमचा गडी कायम अर्धा रोलर, अर्धा माणूस,
एक हात बाहेर काढून चाललेला,
एसटीच्या ड्रायव्हरनं वळण दाखवावं तसा.

ज्या टॉकीजात पाहिला, तिथं आता हळदीची पोती.
मध्ये एकदा जाता जाता आत डोकावलो.
झरोक्यातून उन्हाचा पट्टा आलेला, त्यात पिवळी धूळ.
वाटलं, शो सुरू आहे.

हे मात्र मल्टिप्लेक्स. पॉपकॉर्नची बादली तीनशे ऐंशी.
"एवढ्यात मक्याचं शेत खंडानं मिळतंय," शीतल म्हणाला
आणि अंधार झाल्यावर शर्टातून पुडी काढली.
भडंग. लसूण जास्त.
शेंगदाणे येतानाच वेचून खाल्लेले.
कुरकुर ऐकून पुढची बाई दोनदा वळली,
तिसऱ्यांदा तिनं हात पुढे केला.

सिनेमा तसाच आहे. म्हणजे वाईटच.
गोष्ट तिकिटाच्या मागच्या बाजूला मावेल.
हिरॉईन स्फोटातून धावते, भांग जागच्या जागी.
शास्त्रज्ञ एकच वाक्य तीनदा बोलतो आणि मरतो,
आणि आम्ही दोघं ते वाक्य त्याच्या आधी म्हणतो.

पण बारा वर्षं जेसीबी चालवून माझी नजर बिघडलीय.
रोलर उठला की मी आधी त्याचा गुडघा बघतो.
पिन कुठाय? सील कुठाय?
अडीच तास मारामारी, ग्रीस एकदाही नाही.
बस उचलली तेव्हा होज फुटायला पाहिजे होता,
निदान तेल तरी गळावं.
"गप की लेका," शीतल म्हणाला.

मग ते शहर पाडतात.
आठवीत इथं आम्ही खुर्चीवर उभे होतो.
आता मला नुसता ढिगारा दिसला:
किती ट्रॉल्या होतील, टाकायचा कुठं.
पुराचं पाणी उतरल्यावर खणभागात अकरा दिवस
बकेट चालवली होती मी.
भिजलेली गादी म्हशीएवढी जड होते.
वह्यांचे गठ्ठे, देवघरं, एक फ्रिज, त्यात अजून दुधाची पिशवी.
इथं कॅमेरा पुढच्या मारामारीला निघून जातो.
मला तिथंच थांबावं लागलं होतं.

हे मी शीतलला सांगणार होतो.
तेवढ्यात पडद्यावर आमचा गडी पडला,
आणि उठला, एक हात सांध्यातून लोंबकळत,
बाहेरच राहिलेला, उजवा.
अख्खं टॉकीज तेव्हा नुसतं बघत होतं,
आम्ही दोघंच ओरडलो होतो: "आपलाच हाय, आपलाच!"
पतसंस्थेत वसुली करणारा शीतल चौगुले,
ज्याची मोटरसायकल लांबून ओळखून लोक मागच्या दारानं जातात,
त्यानं दोन बोटं तोंडात घातली.
शिट्टी आली नाही. भडंग उडाला.
बाईनं पाठीवरचे कुरमुरे झटकले
आणि शिट्टी तिनंच मारली, अशी, की दारावरचा पोरगा आत आला.

शेवटी नावं चालू झाली. आम्ही उठलो नाही.
काच फोडणारे, धूर काढणारे, विटा रचून परत पाडणारे,
शेकडो नावं, एकही ओळखीचं नाही.
शीतलनं पुडी उलटी करून तळाचं तिखट चाटलं.

सोमवारी सकाळी कुपवाडला पाइपलाइनची चर होती.
किल्ली फिरवली, इंजिन खोकलं, तापू दिलं.
खाली जायच्या आधी बूम उगाच वर नेला,
पार वर, तारांच्या जरा अलीकडं,
आणि तिथं धरून ठेवला.
मुकादम ओरडला, "ओ, काय झालं? अडकलं का?"
म्हटलं, "हो. हात दुमडंना."